उंटवाल्याची दहा पोरं

नाही, ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — ही घ्या, पोरांची असली तरी माणूस मावतो, मी पाच महिने यावरच बसतोय. पेपरमिंट नको. रविवारी प्रवचन लांबलं की तुम्ही मागच्या बाकावर सरकवता, तेवढं पुरतं. तर काय म्हणत होतात, सिट्से आजोबा — शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून आलाय, फेमकेचे आजोबा म्हणून नाही. बरं. मग अध्यक्षांनाच सांगतो. मधली सुट्टी संपायला बारा मिनिटं आहेत. मी तिला आज खरं सांगायचं, नाहीतर सोमवारपासून येऊ नये — बरोबर ना, असंच म्हणालात? नीट समजलं. हुकस्ट्रा बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि तुम्हाला दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून मी इथे आहे, तेही समजलेलं आहे. अडीच वर्षं धर्मशास्त्राच्या कॉलेजात काढून मी परत आलो, आई लोकांना सांगते दमलाय, आणि तुम्ही चर्चच्या पंचमंडळाच्या बैठकीत माझ्याबद्दल म्हणालात, वेसल विश्वासातून घसरलाय खरा, पण दुसरीच्या वर्गाला चालेल. गाव लहान आहे, आजोबा. दुसऱ्या दिवशी दूध घालणाऱ्यापासून सगळ्यांना माहीत होतं.

मी चुकीचं शिकवलं म्हणता, तर काय शिकवलं ते ऐका. बायबलचा तास, शुक्रवार, उंटवाल्याची गोष्ट — हो, नाव आहे त्याला, पोरं उंटवाला म्हणतात, मीही म्हणतो. भला माणूस, हजारो मेंढ्या, हजारो उंट, सात मुलगे, तीन मुली, आणि एका दिवसात सगळं जातं, दहाही पोरांवर घर कोसळतं, आणि शेवटी देव त्याला सगळं दुप्पट देतो. आता हा फ्लॅनेलचा फळा, आणि हा डबा — तुमच्याच बायकोनं कापून दिलेली कापडी माणसं, चिकटवली की चिकटतात, मेली की काढून डब्यात टाकायची. दहाही पोरं टाकली. मग दुप्पट करायची वेळ आली, मेंढ्या तीनच, म्हणून महापुराच्या, तारवाच्या गोष्टीतली जनावरं आणली, त्यात एक पेंग्विन आला, कुणी हरकत घेतली नाही. गुरं दुप्पट. पोरं मात्र पुन्हा दहाच, दुप्पट नाहीत, ते का, ते तुम्हीच मला लहानपणी नीट सांगितलं नव्हतं. तर नवी दहा पोरं लावायची, आणि डब्यात दहाच. काय करणार — तीच लावली. तीन वाजायला पाच मिनिटं कमी, बस दारात. या एकाच्या बाहीवर शाईचा डाग आहे, बघा. फेमके उठून फळ्यापाशी आली, म्हणाली, सर, हा तोच आहे. मी म्हटलं, हं. ती म्हणाली, म्हणजे ते परत आले. मी म्हटलं, हो. झालं. कोट घाला, टोप्या घाला, बस.

आणि परवाचं म्हणाल, तर मी तिथेच होतो. चर्चनंतरची कॉफी, दीडशे माणसं, तुमच्या सुनेनं यौकेचा, फेमकेच्या भावाचा, निळा कोट भाच्याला दिलेला, आणि फेमकेनं तो त्या पोराच्या अंगातून ओढून काढला. ‘यौके आल्यावर काय घालेल?’ म्हणाली. मोठ्यानं. दीडशे माणसं, दीडशे कप, आणि तिला उत्तर कुणी दिलं? तुम्ही म्हणालात, साखर कुठे ठेवलीय. मीही कपातच बघत होतो, पण मला साखर लागत नाही.

रागावू नका, अध्यक्ष म्हणून आलाय ना. ऑक्टोबरात तुमच्या शेणाच्या टाकीत वायू साचला होता, यौके, पंधरा वर्षांचा पोरगा, खाली उतरला आणि मेला. मेला — हा शब्द तुमच्या घरात कुणी उच्चारला? मी विचारलंय फेमकेला. प्रभूनं नेलं, म्हणालात. घरी गेला, म्हणालात. दफनाला नेलं नाही, लहान आहे म्हणून, शेजारी ठेवली, तिथे तिनं दिवसभर बिस्किटं लाटली आणि एक यौकेसाठी राखून ठेवलं. आता सात वर्षांची पोर काय करणार — नेलं म्हणजे आणून देणार, घरी गेला म्हणजे कधीतरी इकडे येणार. गणित तुम्हीच घातलंत, तिनं नुसतं सोडवलं.

हो, माझं ‘हो’ आहेच त्यात. नाकारत नाही. घाईत निघून गेलं — म्हणजे, खरं तर ती दोनदा विचारायला आली. सोमवारी परत आली, तेव्हा बस नव्हती, घाई नव्हती, मी याच खुर्चीवर होतो. म्हणाली, सर, परत यायला किती दिवस लागतात. मी म्हटलं, बर्फ वितळल्यावर. — असं बघू नका, मला माहीत आहे. तेव्हापासून रोज सुट्टीत कुंपणाजवळचा बर्फाचा ढीग बघून येते आणि मला सांगते, आज गुडघ्याएवढा, आज बुटाएवढा, आणि मी मान डोलावतो. का म्हणजे काय. कॉलेजात मी अडीच वर्षं लोकांना कसं सांत्वन द्यायचं ते शिकलो, एकदा दवाखान्यात पाठवलं तर तिथली एक आजारी म्हातारी म्हणाली, बाळा, तुझाच विश्वास नाही, टीव्ही लाव. लावला. आणि ही पोर माझं ऐकते. मी म्हटलं आणि तिनं मानलं, रोज मानते. मला बरं वाटायचं, आजोबा. एवढंच कारण आहे, यापेक्षा चांगलं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पण जून माझा नाही. जून कुठून आला ते विचारा. गेल्या आठवड्यात येऊन म्हणाली, सर, तुम्ही चुकलात, बर्फ नाही, जून. आजोबांनी जेवणाआधी प्रार्थना केली — प्रभू, तू घेतलंस ते जूनमध्ये परत देतो आहेस, तुझे आभार. तिची आई म्हणे भांडी घासायला उठली, ताटं भरलेली असताना. तुम्हाला दिसलं नसेल, डोळे मिटलेले होते. तर माझं ‘हो’ एका अक्षराचं होतं, तुम्ही महिन्यासकट सांगितलंत, सगळ्यांसमोर, आमेन म्हणून. आणि मग तिनं मला विचारलं — यौके एवढा उंच, आईच्या पोटात मावेल कसा. मी तिला हातमोजे शोधायला पाठवलं. तुमच्याकडे उत्तर आहे? जूनमध्ये तुमची सून दवाखान्यातून येईल, ही पोर दारात तो निळा कोट घेऊन उभी असेल, आणि पाळण्यात कुणीतरी भलतंच असेल. त्या बाळाचं काय करेल ती? नाही, मी धमकी देत नाहीये. विचारतोय.

घंटा झाली. थांबा, उठू नका. सांगायचं ना आज, मग तुमच्या देखत सांगतो, आणि सोमवारचं तुम्ही नंतर ठरवा. फेमके, तू आधी आत ये, बाकीच्यांनो, बूट काढा सावकाश. दार लाव. हातमोजे राहू दे ओले. — हो, आजोबाच आहेत. ऐक. मी तुला खोटं सांगितलं. फळ्यावर तीच पोरं लावली कारण डब्यात दुसरी नव्हती. उंटवाल्याची पहिली पोरं मेली, ती आली नाहीत. यौके मेला आहे. बर्फ वितळल्यावर येणार नाही. — नाही. जूनमध्येही नाही. आईच्या पोटात आहे ते दुसरं बाळ, त्याला दुसरं नाव ठेवतील. — नाही, त्याला घरचा रस्ता पाठ असला तरी नाही. — मला माहीत आहे मी आधी काय म्हणालो. — आजोबांनी देवाला सांगितलं म्हणून? मग त्यांना विचार. विचार ना, समोरच बसलेत.

आजोबा, ती तुमच्याशी बोलतेय. वर नका बघू, ती इथे खाली उभी आहे. बोला.

बोला ना.