मेजरकाकांचं ‘सावधान’

आमचे मेजरकाका तुम्ही पाहिले नाहीत ना, मग हे ऐकाच. दूधविनायक मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहायचे. फौजेतून निवृत्त झाले, विधायक, म्हणजे आपले आमदार, म्हणून निवडून आले, पण आवाज फौजेतलाच राहिला.

एका सकाळी मुन्शी घाटावर दोन नावाड्यांची गिऱ्हाइकावरून जुंपली. दोघांनी वल्ही उगारली. आता डोकी फुटणार, तेवढ्यात काका पायऱ्या उतरत गरजले, “सावधान!”

नावाडी कसले ऐकतात! पण कमरेइतक्या पाण्यात स्नान करणारे एक म्हातारबाबा मात्र छाती काढून ताठ उभे राहिले. काकांच्याच पलटणीतले जुने हवालदार होते ते. कमरेला गुंडाळून हातांनी सावरलेला गमछा सोडून त्यांनी दोन्ही हात बाजूला चिकटवले, आणि गमछा निघाला वाहत.

सगळा घाट ओरडला, “बाबा, गमछा! पकड़िए!”

बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, “पहले साहब ‘विश्राम’ तो बोलें!”

वल्ही खाली आली. भांडणारे दोघे हसत हसत एकाच नावेतून गमछ्यामागे सुटले. आणि आमचे विधायक? पायरीवर बसून ते इतके हसत होते, की ‘विश्राम’ काही केल्या तोंडातून बाहेर पडेना!