राऊत मॅडमनी मागितलेली माफी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय प्राचार्य महोदय, व्यासपीठावर बसलेले मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी हे सभागृह मागच्या दारापर्यंत भरलं आहे त्या आमच्या सत्कारमूर्ती कोकिळा राऊत मॅडम, सर्व अध्यापक, कार्यशाळेतले दादा लोक, आणि माझ्या आजी-माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी कल्पिता घरत. याच तंत्रनिकेतनात शिकले, आता पेणजवळच्या एका कारखान्यात ड्रॉइंग करते. मला भाषण येत नाही. गेल्या आठवड्यात मी मॅडमना फोन करून विचारलं, "काय बोलू?" त्या म्हणाल्या, "फर्स्ट इयरचं सांग." मी म्हटलं, "नको हो मॅडम, निरोपाच्या दिवशी ते कसं सांगू?" तर म्हणाल्या, "सगळे चांगलंच बोलणार आहेत. एकीने तरी झालं ते सांगावं." म्हणून सांगते. पण मॅडमकडे बघून सांगवणार नाही, तेवढी मुभा असावी.

आमचं घर उरणकडचं. आजोबांपर्यंत सगळे मिठागरावर, वडील दयाराम घरत ट्रक चालवतात. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आणि मला एक त्रास आहे, लहानपणापासून. माझ्या तळहातांना घाम येतो. थोडाथोडका नाही, थेंब पडतात. शाळेत फुगडीला कुणी माझा हात धरायचं नाही. असल्या गोष्टीची लाज कुणाला सांगायची? आजार म्हणावा तर दुखत नाही, आणि न सांगावं तर लोक किळस करतात.

इथे ड्रॉइंग हॉलमध्ये आले आणि माझी परीक्षाच सुरू झाली. आकृती मला छान जमायची. पण मॅडमनी मापं घालायला शिकवलं, म्हणजे डायमेन्शन. माप आकृतीच्या आत कोंबू नका, बाहेर काढा. लहान माप जवळ, मोठं त्याच्या पलीकडे. एकच माप दोनदा लिहू नका. बाण बारीक आणि भरीव. मॅडम म्हणायच्या, "तुमचा कागद ज्याच्या हातात जाईल, त्याला तुम्हाला विचारायला यावं लागता कामा नये." आता गंमत बघा, मापं येतात सगळ्यात शेवटी. म्हणजे पूर्ण झालेल्या आकृतीवर हात टेकूनच ती लिहायची. ऑक्टोबरचा उकाडा, आणि शीट उडतात म्हणून पंखे बंद! मी एक आकडा लिहिला की आधीचा मनगटाखाली फराटा होऊन जायचा. खोडून पुन्हा लिहायचे, कागद फुगायचा, फाटायचा.

सबमिशनच्या दिवशी मॅडमनी माझी शीट वर धरली. "हा आकडा साठ आहे की ऐंशी? घरत, यात भजी बांधून आणली होतीस का?"

सगळा वर्ग हसला. विपुल नावाचा मुलगा तर बाक बडवून हसला. मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि खाली बघत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला आले नाही. माझी आई येसूबाई विचारायची, "कनाला रडतंस गो? कोन काय बोलला तुला?" शेवटी बाबांना म्हटलं, माझं नाव काढून टाका. बाबा सकाळी ट्रकमधून घेऊन आले, गेटवर उतरवलं आणि म्हणाले, "नाव काढाचा तर तूच काढ. मना नाय जमनार."

ऑफिसला जायच्या आधी ड्रॉइंग हॉलमधलं सामान घ्यायला गेले. तास चालू होता. मॅडम म्हणाल्या, "बस जागेवर." बसले. सगळ्यांसारखी मापं घालू लागले. त्या फिरत फिरत माझ्याजवळ आल्या. माझा बाण बघून म्हणाल्या, "पेन्सिल अशी धर," आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

मी झटकन ओढून घेतला. मॅडम स्वतःच्या तळव्याकडे बघत राहिल्या. तो ओला झाला होता.

"ताप आहे का तुला?"

"नाही मॅडम. असंच असतं. पहिल्यापासून."

"त्या दिवशी का नाही बोललीस?"

मॅडम टेबलापाशी गेल्या, डस्टर आपटला. "सगळे इकडे बघा. घरतच्या शीटवर मी जे बोलले, ते चुकीचं बोलले. तिच्या हाताला घाम येतो, त्यात तिचा काही दोष नाही. मी न विचारता तिला हसले आणि तुम्हालाही हसवलं. कल्पिता, मला माफ कर."

विपुलने मान खाली घातली. आणि मला? खरं सांगते, वर्ग हसला तेव्हा वाटली त्याहून जास्त लाज मला त्या क्षणी वाटली. माझ्या आईच्या वयाची बाई, सगळ्यांसमोर माझी माफी मागत होती. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्याच तासाला मॅडमनी मला मनगटाखाली सुती कापडाची घडी ठेवायला शिकवलं. वरच्या डाव्या कोपऱ्यातून मापं घालत खाली ये, लिहिलेल्यावर हात परत नेऊ नकोस. पंखेही सुरू झाले, सगळ्यांच्या शीटना क्लिपा लागल्या. मी नाव काढलं नाही. त्या वर्षी ड्रॉइंगमध्ये पास झाले. पहिली वगैरे आले नाही हं, पास झाले.

आता काम संगणकावर असतं, घामाचा प्रश्न उरला नाही. पण हातात हात द्यायची वेळ आली की मी अजूनही नमस्कार करते. लाज काही पूर्ण गेलेली नाही. ती जाते असं मी कुणाला सांगणारही नाही.

एक मात्र राहून गेलं. मॅडमनी माफी मागितली तेव्हा मी तोंडातून शब्द काढला नाही. होय नाही, नको नाही. डिप्लोमा संपला तरी तो विषय मी टाळला, त्यांनीही काढला नाही. त्या आता निवृत्त होऊन उद्यापासून नागावला, आपल्या वाडीत राहणार. आज त्यांच्याकडे बघून एवढंच बोलते.

मॅडम, असू दे.

मला इथे उभं केल्याबद्दल संयोजकांचे आणि शांतपणे ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर आपण मोठ्या मनाने पोटात घालावं, ही विनंती. नमस्कार.