पिल्लांपुढे बोलायचं नाही

मी : …तर अशी तऱ्हा आहे डॉक्टर. सून माझी, पण घरात तोंड उघडेल तर शपथ. भाजी वाढू का, एवढं विचारायचं तर पळी वर धरून उभी राहते. मी मान हलवली की वाढते, नाही हलवली की पळी खाली. घर आहे की चौकातला सिग्नल?

डॉक्टर : बसा ना आजी. उभ्या का?

मी : आजी तुमच्या घरातल्या. मला मावशी म्हणा. बसते. परवापासून तर जेवतही नाही. ताट पुढ्यात घेते आणि बघत बसते, जसं ताटच हिला काही सांगणार आहे. काल शेजारीण मला म्हणाली, सुनेला काय धाकात ठेवलंय हो तुम्ही, पार मुकी झाली बिचारी. तिला मी काय ऐकवलं ते सोडा, पण बोल लागला तो लागलाच. मी जिभेची तिखट आहे, पण कुणाची जीभ कापलेली नाही. म्हटलं, पक्ष्यांच्या ज्या केंद्रात ही कामाला येऊन दिवसभर गप्प बसते तिथेच जाऊन विचारावं. मुकी केलीत ती तुम्ही.

डॉक्टर : त्यात थोडं खरं आहे मावशी. इथे बोलायला बंदीच आहे. ऑफिसात चालतं, पण पिल्लांच्या बाजूला कुजबूजसुद्धा नाही. सारसाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की जे दिसेल, जे ऐकू येईल, त्याला आई समजतं. माणूस दिसला तर माणसाला. म्हणून सगळ्यांनी राखाडी झगा घालायचा, तोंडावर जाळी, हातात लाल डोक्याची लांब चोचीची बाहुली. त्या चोचीनंच भरवायचं.

मी : तो झगा धुते कोण? मीच धुते. माशांचा वास जाता जात नाही. चांगली घोड्याएवढी बाई हातात बाहुली घालून पक्ष्याला घास देते, हे मी मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना वाटलं मला भ्रम झालाय.

डॉक्टर : हसण्यासारखं आहे खरं. पण तुम्ही इथल्याच. पाणथळीवर पूर्वी किती सारस होते, तुम्ही पाहिले असतील.

मी : पाहिले म्हणजे? लग्न होऊन आले तेव्हा पहाटे त्यांच्या ओरडण्यानं झोपमोड व्हायची. सासरे पत्र्याचा डबा बडवत मागच्या दारी जायचे. रांगेनं उभे असायचे पाण्यात, पाहुण्यासारखे, हलायचं नाव नाही. आता अर्ध्या पाण्यावर गोदामं उभी आहेत, आणि उरलेल्या पाण्यात गोदामांचा कचरा. डबा बडवायला सासरे नाहीत आणि ऐकायला पक्षी नाहीत.

डॉक्टर : एक जोडी उरली आहे. तीही म्हातारी. बाकी इकडेतिकडे कुठे पाणी आटतं, कुठे कुत्री घरट्यापर्यंत पोहोचतात, तिथली अंडी आम्ही उचलून आणतो आणि वाढवून परत सोडतो. मोठ्या मुश्किलीनं गेल्या हंगामातल्या पिल्लांचा थवा नुकताच सोडला. त्यांनी माणसाला भ्यायला हवं मावशी. भ्याले तरच जगतील. म्हणून ही सगळी बंदी. आणि तुमची सून ह्या कामात सगळ्यांत पक्की. बाकीच्यांना खोकला येतो, मला स्वतःला एकदा शिंक आली. तिच्या तोंडून कधी हूं की चूं नाही. मी इतरांना सांगतो, तिच्याकडून शिका.

मी : शिस्त घरचीच आहे ती. मुलगा गेला माझा, ट्रकवर होता, दोन वर्षं होतील आता. पहिल्याच आठवड्यात मी सांगून टाकलं, ह्यापुढे घरात त्याचं नाव काढून रडारड करायची नाही. रडून कुणाचा ट्रक परत येत नाही. मी आई असून नाव काढत नाही, तर बाकीच्यांनी कशाला काढायचं? पण म्हणून भाजी वाढू का विचारायचं नाही, असं मी म्हटलं नव्हतं.

डॉक्टर : तिला सध्या वाईट वाटत असेल तर त्याला कारण आहे. परवा आमचा एक पक्षी परत आला. म्हणजे आणावा लागला.

मी : सोडलेला?

डॉक्टर : सोडलेलाच. पाणथळीपलीकडच्या वस्तीत नळावर बायका उभ्या होत्या. हा थवा सोडून गवतातून चालत आला आणि एका बाईच्या समोर मान खाली घालून उभा राहिला. जवळजवळ तिच्या उंचीचा पक्षी. ती घाबरून किंचाळली, कुणीतरी काठी घेऊन धावलं. हा पळालाच नाही. काठी बसली तरी तिथेच. पंखाचा सांधा गेला.

मी : उडेल ना पण?

डॉक्टर : नाही. आणि पंख बरा झाला असता तरी सोडता आला नसता. माणसाकडे जाणारा पक्षी पाणथळीवर चार दिवस टिकत नाही. आता जन्मभर मागच्या पिंजऱ्यात. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यानं जोडी केली असती, पिल्लं झाली असती. इतक्या थोड्यांत एकेकाची किंमत असते. परवापासून त्यानं मासा तोंडात घेतलेला नाही.

मी : मग तुमच्या झग्याचा नि बाहुलीचा काय उपयोग झाला?

डॉक्टर : तेच. कुणीतरी बोललं त्याच्याशी. एकदा नाही, रोज बोललं असणार. लहानपणी हा अशक्त होता, म्हणून वेगळ्या खोलीत ठेवला होता. तिघी पाळीपाळीनं बघायच्या. त्यातली एक आहे, आम्ही तिला बडबडीच म्हणतो. काम करताना गुणगुणायची सवय. दोनदा ताकीद दिली होती. काल तिला घरी बसवलं.

मी : तिनं कबूल केलं?

डॉक्टर : नाही. खूप रडली. मुलांच्या शपथा घेतल्या. पण वरून विचारणा आहे, नाव द्यावंच लागतं. मला तरी कुठे बरं वाटलं? आणि त्या शब्दांचं मला अजून कोडं आहे.

मी : कसले शब्द?

डॉक्टर : आधी वाटलं, कुठल्याही बाईच्या आवाजाला येत असेल. म्हणून, तुमची सून तेव्हा पिल्लांकडे होती ती सोडून, इथल्या सगळ्या बायकांना जाळीबाहेर उभं करून बोलायला लावलं. ये ये म्हणाल्या, हाका मारल्या, गाणी म्हटली. ह्यानं मानसुद्धा वळवली नाही. मग ती नळावरची बाई चौकशीला आली, तिला चुटपुट लागली होती. मी तिला म्हटलं, तेव्हा तुम्ही जे बोलत होतात तेच बोला. ती म्हणाली, मी नवऱ्याशी फोनवर बोलत होते, आवाज नीट येत नव्हता, म्हणून सारखं विचारत होते, पोहोचलात का, पोहोचलात का. तिच्या तोंडून ते शब्द निघाले आणि हा उठला. पंख जमिनीवर घासत जाळीपर्यंत आला. मला सांगा मावशी, खोलीतल्या पिल्लाला कुणी असं विचारेल का? ते कुठे गेलं होतं पोहोचायला?

मी : पाणी आहे का प्यायला?

डॉक्टर : हे घ्या. बरं वाटत नाहीये का?

मी : मला काय धाड भरलीय. त्या तुमच्या बडबडीचा नवरा काय करतो?

डॉक्टर : बाजारात कापडाच्या दुकानात आहे. का?

मी : म्हणजे संध्याकाळी घरी येतो.

डॉक्टर : येत असणार.

मी : मग ती कशाला विचारेल पोहोचलात का. माझा मुलगा पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा. रोज संध्याकाळी फोन. मी स्वयंपाकघरात, ही बाहेरच्या पायरीवर. दुसरं काही नाही, पहिलं तेच विचारायची. मी चिडवायचे हिला, अगं नवरा आहे की टपाल. शेवटच्या दिवशी तर तासभर तेच चाललं होतं. समोरून कुणी बोलतच नव्हतं.

डॉक्टर : मावशी, म्हणजे…

मी : माझ्या सुनेला बोलवा.

डॉक्टर : ती पिल्लांकडे आहे आत्ता. हवं तर मी नंतर एकटीला विचारतो. तुमच्यासमोर कशाला?

मी : माझ्यासमोरच. दुसरीला काल घरी बसवताना नंतर म्हणालात का? माझ्या घरातल्या माणसानं केलेलं दुसऱ्या बाईच्या माथ्यावर जाणार नाही. बोलवा.

(सून आली. अंगात झगा, तोंडावरची जाळी वर केलेली, बाहुली हातात तशीच.)

सून : आई? तुम्ही इथे?

मी : बघा, शब्द फुटला. ह्यांना सांग, त्या पक्ष्याला पोहोचलात का म्हणून कोण विचारायचं.

(सुनेनं हातातल्या बाहुलीची चोच वर धरली.)

मी : पळी वर करून चालणार नाही इथे. तोंडानं सांग.

सून : मी.

डॉक्टर : तुम्ही? तुम्हाला तर नियम पाठ आहेत. नव्या बायकांना तुम्हीच समजावून सांगता.

सून : हो सर.

डॉक्टर : मग काल बडबडीला घरी पाठवलं तेव्हा तुम्ही दारातच उभ्या होतात.

सून : हो. सांगायचं होतं. आवाजच निघाला नाही. रात्री ठरवलं सकाळी सांगेन. सकाळी तुम्ही मला नवीन अंडी दाखवलीत, म्हणालात ही तुम्हीच बघा, दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. मग तर अजिबातच नाही निघाला.

मी : पहिल्यापासून सांग. कशी सुरुवात झाली?

सून : ते पिल्लू मान टाकून पडलं होतं. बाहुली पुढे केली तरी डोळे उघडत नव्हतं. सर म्हणाले होते, रात्र काढणार नाही बहुतेक. मी नुसती बसले होते शेजारी. संध्याकाळ झाली आणि माझ्या तोंडून गेलं. का गेलं, माहीत नाही. पोहोचलात का, असं गेलं. आणि त्यानं मान उचलली.

डॉक्टर : तेव्हाच मला सांगायला हवं होतंत.

सून : त्यानं मान उचलली सर. मी वर्षभर विचारत होते मनात, कुणी उचलत नव्हतं.

मी : पुढे सांग.

सून : मग मासा खाल्ला. मग रोज संध्याकाळी विचारायला लागले. नुसतं तेवढंच विचारायची आधी. नंतर बाकीचंही. आज काय झालं, घराचं छत कुठे गळतं, आईंचा गुडघा कसा आहे. त्यांना फोनवर सांगायची तसंच. पिल्लू ऐकायचं. एका पायावर उभं राहून ऐकायचं. मला कळत होतं मी चुकतेय. दररोज ठरवायची, आज शेवटचं. ज्या दिवशी थवा सोडला त्या दिवशी वाटलं, सुटलं एकदाचं. गेला उडून, विसरला असेल मला.

डॉक्टर : पक्षी विसरत नाहीत.

सून : घरात त्यांचं नाव काढायचं नाही. इथे तोंड उघडायचं नाही. मी कुठे बोलायचं होतं आई?

डॉक्टर : बाई, मला हे वर कळवावं लागेल. बडबडीला आज परत बोलावतो, तिची माफी मागतो. पण पिल्लांच्या खोलीत तुम्हाला आता नाही ठेवता येणार.

सून : बरोबर आहे सर. झगा धुऊन आणून देते.

डॉक्टर : आणि तो मागचा पक्षी… त्याच्यापुढे गप्प राहण्यात आता काही अर्थ नाही. त्याला सोडायचंच नाही तर लपवायचं काय? खात नाही हाच प्रश्न आहे. आणखी दोन दिवस असाच राहिला तर हाती लागणार नाही. तुम्ही त्याच्याकडे जाणार असाल तर मी अडवणार नाही. मावशी, तुमची हरकत नसेल तर.

मी : माझी हरकत विचारू नका. हिला जे सांगायचं ते मी सांगते. इकडे बघ. जमिनीकडे नको, माझ्याकडे बघ. तू वाईट केलंस. त्या जिवाचं आभाळ गेलं ते तुझ्या बोलण्यानं, आणि त्या बाईला शपथा घ्याव्या लागल्या त्या तुझ्या गप्प बसण्यानं. दोन्ही तुझंच. मी पदराखाली घालणार नाही. संध्याकाळी तिच्या घरी जायचं. मी बरोबर येईन, पण तोंड तू उघडायचं.

सून : हो.

मी : त्याआधी मागे जा त्याच्याकडे. झगा काढ, ती बाहुली ठेव इथे टेबलावर. तो तुझ्या आवाजानं फसला, आता त्याला आवाज तरी दे. जे विचारायची ते विचार, मासा खाईपर्यंत विचार. मी बाहेर बाकावर बसते. आणि माझ्या मुलाचं काही सांगणार असशील त्याला, तर मोठ्यानं सांग. मला हल्ली कमी ऐकू येतं.