आवाजासकट

हॅलो. येतोय ना मागे आवाज? बसा सगळे. अध्यक्षसाहेब, तुम्हीपण बसा.

बाईंच्या शोकसभेला तुम्ही एवढे सगळे आलात, बरं वाटलं. डभोईहून मोहिते बाईंचे भाऊ आलेत. लहरीपुऱ्यातले माझे शेजारी दुकानवाले शटर पाडून आलेत. बालवाडीतल्या पोरांचे आईबाप आलेत, पोरंपण आलीत. बोलायला जड जातंय. मला आयुष्यात कधी बोलायला जड गेलेलं नाही, विचारा कोणालाही. आज जातंय.

मी बंटी. माझं नाव वक्त्यांच्या यादीत नाही, माहितीये मला. मला इथे माईक आणि पडदा लावायला बोलावलंय. नवरात्रात गरब्याचे स्पीकर लावतो, बाकी वर्षभर मोबाईलची कव्हरं विकतो, एवढीच माझी लायकी. पण यादीतले चौघं बोलले आणि ते ऐकून माझी सटकली.

साहेब, ती वायर ओढू नका. ती पंख्याची आहे.

पहिले वक्ते काय म्हणाले? मोहिते बाई शांत स्वभावाच्या होत्या. शांत? कुठल्या बाई बघितल्या तुम्ही? आमच्या बाई डभोईहून बडोद्याला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मांडीवर डफली घेऊन बसायच्या. कंडक्टर डफलीचं अर्धं तिकीट मागायचा, म्हणायचा, "बेन, आनी अडधी टिकिट थशे." बाई म्हणायच्या, "भाई, ए तो हजी त्रण वरसनी छे." तीन वर्षांच्या लेकराला कुठे तिकीट असतं? तीस वर्षं ती डफली तीनच वर्षांची राहिली.

दुसरे म्हणाले, बाईंचं शाळेवर फार प्रेम होतं. होतं ना. शाळेचं त्यांच्यावर होतं का, ते सांगा.

मग आपल्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई. म्हणाल्या, आम्ही त्यांच्याच वाटेने पुढे जाऊ. मोठ्या बाई, त्या वाटेवर तुम्ही दिवाळीनंतर सोळा बाकं ठोकलीत. फरशीत, स्क्रूने. जायचं कुठून?

आणि साहेब, तुम्ही. बालवाडीच्या हॉलला बाईंचं नाव देणार म्हणालात. टाळ्या झाल्या. कोणत्या हॉलला? बाकांच्या? माणसाला पाण्यात उतरू द्यायचं नाही आणि तो गेला की कोरड्या हौदाला त्याचं नाव द्यायचं, असं झालं हे.

हात दाखवू नका साहेब, आटपतो दोन मिनिटांत. तुमच्या भाषणातली दोन मिनिटं.

ज्यांनी बाईंचा वर्ग बघितला नाही त्यांना सांगतो. हॉल रिकामा. फरशीवर खडूने आखलेले चौकोन, एक ते दहा. बाई डफलीवर थाप मारायच्या, की पोराने एक बेडूकउडी पुढे टाकायची. डफलीच्या कडेला टिचकी वाजली, की एक उडी मागे. पाच थापा, दोन टिचक्या. "बेडूक कुठे आला रे?" पोरं पायाखाली बघून ओरडायची, "तीनवर." झाली वजाबाकी. ना पाटी, ना पेन्सिल, ना रडारड. मीपण त्याच हॉलमध्ये शिकलो. पुढे दहावीला दोनदा आपटलो, पण वजाबाकी माझी चुकत नाही. आजपण गोडाऊनमध्ये स्पीकर मोजताना माझी टाच हलते.

दुसरं, नावं. नाव म्हणायचं टाळ्यांनी. जि-या, दोन टाळ्या. वे-दां-त, तीन टाळ्या. एवढंच.

एवढंच? ती बघा, माझी वहिनी. तिच्या मांडीवर आमची ओवी, माझ्या दादाची पोरगी. साडेतीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. पाणी हवं, बोट. आई हवी, बोट. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत, वाट बघा. बालवाडीत घातली तर महिनाभर नुसत्या टाळ्या. सगळे नाव म्हणतात, ही टाळ्या वाजवते. वहिनी रडवेली झाली. बाई तिला म्हणाल्या, "अगं, टाळी बरोबर पडतेय ना? मग ती बोलतेच आहे. तोंड येईल मागून."

आणि आलं. मी घरी सेव-उसळ खात बसलो होतो. समोर ही उभी. दोन टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "का-का." मला असा ठसका लागला की तर्री नाकात गेली.

आता ओवी बाकावर बसते. आणि बाकावर बसलं की काय करायचं, मोठ्या बाई? हाताची घडी, तोंडावर बोट. तुमच्या बापजाद्यांपासून चालत आलेलं आहे ते, मोडेल कसं? पण हात बांधले की ओवीला नाव येत नाही. तिचे शब्द हातात होते, तुम्ही हातच बांधलेत. दिवाळीपासून ती परत बोट दाखवते. पाणी, बोट. मी, बोट. काका गेला.

हे कोणी केलं?

खाली बघू नका साहेब, सगळं तुमच्यावर नाही टाकत. तुम्ही तर नुसते नंतर आलात. केलं मी.

हो, मी. गणपतीच्या आधी मी ओवीला न्यायला गेलो होतो. खिडकीतून बघितलं, बाई कमरेशी डफली धरून, ती वाजवत बेडकासारख्या उड्या मारतायत, मागे तीस पोरं. मला काय, मला निमित्त पाहिजे. व्हिडिओ काढला. त्यातला आवाज काढून टाकला आणि गाढवाचं ओरडणं घातलं. वर लिहिलं, "मोहिते बाईंची सर्कस". सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. सगळी सोसायटी हसली. तुम्ही हसलात, मामी. जोशीकाका, तुम्ही तर सावली गावच्या तुमच्या साडूंना पाठवलात, त्यांनी मलाच परत पाठवला.

मग हसता हसता कोणीतरी म्हणालं, फी भरून पोरांना बेडूक बनवतायत का? मग अर्ज आला. मुलांना नाचवू नका, लिहायला बसवा. सह्या झाल्या. वहिनी चपात्या लाटत होती, हात पिठाचे, म्हणून तिची सही मी केली. वाचलंपण नाही. ट्रस्टच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तोच व्हिडिओ लावला, गाढवासकट. बाईंचा वर्ग काढून त्यांना खडू-डस्टरचं रजिस्टर दिलं आणि हॉलमध्ये बाकं आली.

एकानेसुद्धा विचारलं नाही, की ह्या उड्यांचा खरा आवाज कुठे आहे. साहेब, आवाज काढून घेतला की कोणताही नाच वेडाच दिसतो. येत्या नवरात्रात कानात बोळे घालून गरबा बघा. अख्खं बडोदं वेडं दिसेल तुम्हाला.

आता ऐका, सगळ्यात घाण भाग.

नवरात्राच्या तोंडावर, बाकं यायच्या आधीच, बाई माझ्या दुकानात आल्या. मला वाटलं, कानाखाली बसणार. बाई स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "बंट्या, उडी छान पकडलीस रे माझी. या वयात एवढी उंच जाते मला वाटलं नव्हतं." मग म्हणाल्या, "आवाजासकटचा आहे का तुझ्याकडे? ट्रस्टींना एकदा ऐकवायचाय. ऐकला की कळेल त्यांना, मोजतोय आम्ही."

मी म्हणालो, "डिलीट झाला, बाई."

झाला नव्हता. खिशातल्या फोनमध्ये होता. पण दिला असता तर गाढव कोणी घातलं ते ट्रस्टींसमोर आलं असतं. माझी फाटली. एरवी मी कोणाला घाबरत नाही, हे पण विचारा कोणालाही.

बाई म्हणाल्या, "असू दे. मी तोंडीच सांगते." सांगितलं त्यांनी तोंडी. ऐकलंत, साहेब? नाही. तुम्ही म्हणालात, "बाई, आता आराम करा." आज त्याच तोंडाने म्हणताय, शाळेचं कधी भरून न येणारं नुकसान.

पंधरा दिवसांपूर्वी बाई डभोईला, घरी, हार्टने गेल्या. बाकांमुळे गेल्या असं मी म्हणत नाही. वय होतं, गोळ्या चालू होत्या. पण त्या माझ्याकडे आवाज मागायला आल्या होत्या आणि मी दिला नाही. हे खरं आहे. माफी मागायला माणूस ठेवला नाही मी.

म्हणून हॉलला नाव-बिव देऊ नका. फोटोपण नको. बाकं काढा. सोमवारी ट्रस्टची मीटिंग आहे. दाराशी टेबलावर कागद ठेवलाय. पहिली सही माझी आहे, या वेळेला माझ्याच नावाने. ज्यांनी तेव्हा सह्या केल्या त्यांनी ह्या कागदावर पण करायच्या, आणि मामी, आधी वाचायचा. वहिनी, तू पण. माझ्या खिशात स्क्रू ड्रायव्हर आहे, साहेब. परवानगी मिळेपर्यंत थांबलोय. असं थांबायची मला सवय नाही, तेव्हा फार उशीर करू नका.

आता शेवटी मौन आहे. ते मीच करून घेतो. कोणी "शांत राहा" म्हणू नका. बाई वर्गात कधी "गप्प बसा" म्हणाल्या नाहीत. डफली चालू, की पोरं चालतात. डफली थांबली, की जो जिथे आहे तिथे पुतळा. एक पाय वर असेल तर वर. मोठ्या बाई, तुम्ही छडी आपटून दमता, तरी तुमचा वर्ग गप्प होत नाही. बाई फक्त हात थांबवायच्या.

व्हिडिओ पडद्यावर लावतोय. गाढव काढलंय. पाच थापा, दोन टिचक्या, नीट मोजा. शेवटी बाईंचा हात थांबतो आणि तीस पोरं जागच्या जागी थांबतात. तिथून पुढे आपलंही मौन. उठा सगळे. पाय हलला तर हलू द्या, लाजू नका. साहेब, तुमचापण.

ओवी, इकडे ये. हाताची घडी सोड, बेटा. हे बटण. तू लाव.

बाई, हा घ्या. आवाजासकट.