हवेतली प्लेट

ताई : पट्टी निळी.

काका : सकाळपासून पोटात काही गेलंय का तुझ्या?

ताई : भावाचा ताप एकशे चार.

काका : त्या खुर्चीवर बसू नकोस, पाय मोडलाय तिचा.

ताई : काका, बरणी कुणी उघडली?

काका : कुठली गं?

ताई : बिनहवेची, भावाच्या जंतूंवर औषध तपासायला लावलेली. पट्टी पांढरी हवी. निळी म्हणजे आत हवा शिरली.

काका : ...मीच. नुसता डोकावलो. म्हटलं, औषधाने जंतू मेले असतील तर धावत येऊन तुला सांगावं. लगेच झाकण लावलं की!

ताई : केव्हा?

काका : नऊला. तू वॉर्डात भावाजवळ होतीस.

ताई : हवा शोषणारी पुडी एकदाच चालते, काका. सहा तास हवेत वाढलेत ते!

काका : पण जंतू तेच ना? त्याच्या पोटातल्या गळवातले?

ताई : तेच. पण हवा मिळाली की त्यांच्या अंगावरच्या पडद्यातली प्रथिनं बदलतात. हवेत एक संच, हवेशिवाय दुसरा. हवेवर चालणारी प्रथिनं कामाला लागली, तरच हे औषध आत ओढलं जातं. गळवात हवा कुठली? औषध बाहेर ताटकळतंय आणि तो तिकडे तापाने फणफणतोय.

काका : मग परत लाव की प्रयोग.

ताई : कशावर? होता नव्हता तो पू त्याच बरणीत होता. आणि डॉक्टर म्हणालेत, हवेशिवाय औषध चालत नाही असा तपासणीचा कागद चारपर्यंत दाखव, नाहीतर हेच औषध चालू राहील.

काका : तीन वाजून गेले गं.

ताई : दिसतंय मला.

काका : थोबाडीत मार माझ्या. तीस वर्षं या लॅबमधल्या बरण्या सांभाळल्या आणि आजच कुठून दुर्बुद्धी सुचली!

ताई : मारून तो बरा होणार आहे का? फोन द्या इकडे.

काका : कागदाशिवाय काय सांगणार तू?

ताई : (फोन लावून) डॉक्टर, सात नंबरच्या पेशंटची बहीण बोलतेय. नाही, पुरावा नाही. प्रयोग फसला. तरी औषध बदला, पाया पडते तुमच्या... हो, पहिल्या तपासणीत लागू पडलं होतं. उघड्या प्लेटवर, हवेत वाढवलेल्या जंतूंवर... कुणी सुचवलं म्हणजे? परवा ती प्लेट बघून हे औषध मीच सुचवलं.