उजव्या कडेचा रकाना

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आवर्जून आलेले निवृत्त वडीलधारे सहकारी, आणि पहिल्या रांगेत नेहमीप्रमाणे खुर्चीच्या टोकावर बसलेल्या आमच्या ताई,

आज एकतीस तारीख. अकरा महिने मी जे बोलायचं टाळलं, त्याबद्दल आधी क्षमा मागतो.

विभागप्रमुखानं निरोपाला गुणगान करावं अशी रीत आहे. ते पाहुणे करतीलच, माझ्यापेक्षा चांगलं.

ताई जन्मनोंदींच्या जुन्या वह्या संगणकात उतरवायच्या. दर वीस मिनिटांनी टाळी वाजवायच्या. "पापण्या मिटा रे! आता खिडकीबाहेर, त्या पाण्याच्या टाकीकडे बघा. टाकी काही लाजत नाही!" अख्खा विभाग हसत टाकीकडे बघायचा. मग वरून रोजच्या नोंदींचा आकडा ठरून आला आणि मी म्हणालो, "ताई, ही बालवाडी नाही." टाळी थांबली.

पुढे ताईंनी डोळे तपासायला अर्ध्या दिवसाची रजा मागितली. माझं उत्तर माझ्याच रोजनिशीत शब्दशः आहे : "डोळे कुठं पळून जातात? हा गठ्ठा संपू द्या." दुसऱ्यांदा मागितली, तेव्हाही गठ्ठाच. तिसऱ्यांदा त्यांनी मागितलीच नाही.

मग चुका निघाल्या. एक्केचाळीस नोंदींत आईच्या नावाचा रकाना कोरा. मी निष्काळजीपणाचं पत्र दिलं, चौतीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलं. ताईंनी सही करून घेतलं. एवढंच विचारलं, "तो रकाना तुम्हाला नीट दिसतो का हो, साहेब?" मला तो उद्धटपणा वाटला.

तो रकाना पडद्याच्या अगदी उजव्या कडेला असतो. सगळ्या चुका त्याच कडेच्या. यादी मीच केली होती. मग सांगा, कमी कुणाला दिसत होतं?

त्याच आठवड्यात ताई उजव्या खांद्यानं दारावर आपटल्या. शिपाईमामा म्हणाले, "ताई, दार कालही तिथंच होतं हो!" सगळे हसलो, ताईसुद्धा. संध्याकाळी ताईंच्या सूनबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला, बाजूची नजर हळूहळू खाणारा आजार. डॉक्टरांना मीही जाऊन भेटलो. ते म्हणाले, "हे संगणकानं झालेलं नाही. पण सहा महिने आधी यायला हवं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची." पहिलं वाक्य ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या क्षणाचीही लाज वाटते.

म्हणून ताई निवृत्तीच्या वयाच्या तीन वर्षं आधीच जात आहेत.

अध्यक्ष महोदय, ते पत्र अजून त्यांच्या सेवापुस्तकात आहे. ते मी मागे घेतो. निष्काळजीपणा माझा होता, असं लिहून सही केलेला कागद आपल्यासमोर ठेवला आहे.

ताई म्हणताहेत, "साहेब, पुरे आता, घोटभर पाणी प्या." पितो, ताई.

आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. वागण्यात झालं, ते मात्र घालू नका.

उद्याचं काम एकच. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीनं डोळे तपासायला रजा मागितली आहे. तिचा अर्ज सोमवारपासून माझ्या खणात पडून आहे. सकाळी पहिली सही त्यावर.