जप्तीतली होडी

नको बोलूस. बोलूच नकोस, माझं काही अडलेलं नाही. तू आपलं पाणी उपस. साहेबांनी परवानगी दिलीय ती होडीतलं पाणी काढायची, भावाशी गप्पा मारायची नाही — आणि मला इथे बसवलंय तेही तुझा थोरला म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून. जप्तीतल्या होडीवर मालक चढला की शेजारी एक पोलिस हवाच, न जाणो, इंजिन सुरू करून पसार व्हायचा! होशील पसार? कशानं होशील? इंजिन गंजून चाललंय. अरे तो डबा नको घेऊस, त्याला खाली भोक आहे. ती निळी बालदी घे. घे रे, माझी असली म्हणून काय झालं, बाटणार नाहीस.

मागची ओळ बघितलीस का? सगळ्या जप्तीच्या. ती कडेची — नुसतं नाक वर राहिलंय बघ — तिचा मालक आधी रोज यायचा, मग आठवड्यानं, मग येईनासाच झाला. पकडायचं काम आमचं, सोडायचं काम कोर्टाचं, आणि मधल्या काळात पाणी उपसायचं काम? कुणाचंच नाही. तसं लिहिलेलंच नाही कुठे. कोर्टाला होडी कोरडी काय आणि बुडालेली काय, कागद कोरडा असला म्हणजे झालं. मग तुझी कशी तरंगतेय, असं मनात येतंय ना तुझ्या? मघापासून त्या नव्या दोरखंडाकडे बघतोयस. हो, मीच बदलला. जुना कुजला होता. रोज सकाळी लाँच सुटायच्या आधी मी पाणी उपसतो, उजव्या बाजूच्या ठिगळाला डांबरसुद्धा मीच फासलंय. उपकार नाही करत, बाबांची होडी आहे, तुझ्या एकट्याची नाही. आणि खरं सांगू? बुडाली तर बरंच होईल असंही वाटतं मला. रोज ठरवतो, आज नाही उपसायचं, जाऊ दे तळाला. आणि रोज बालदी घेऊन उतरतो. मूर्ख आहे झालं.

तुम्हा लोकांना काय वाटतं रे, गस्त म्हणजे काय असते? उजाडलं की लाँच सोडायची, तेलाच्या धक्क्याला वळसा घालायचा, नांगरलेल्या जहाजांच्या कडेनं फिरायचं — कुणी चिकटलंय का, वरून कुणी काही खाली सोडतंय का — मग वाट दाखवणाऱ्या तरंगत्या लाल बोयापासून मोठ्या जहाजांच्या वाटेच्या बाजूबाजूनं परत. ऐकायला छान वाटतं. त्यातला अर्धा वेळ तुमच्याच जाळ्यांचे तुकडे आमच्या पंख्यात गुरफटतात, आणि ते कापायला दातात सुरी धरून पाण्यात उतरतं कोण? मी. का, तर ‘तुम्ही काय, पाण्यातलेच!’ उरलेला वेळ साहेबांचे पाहुणे. त्यांना बंदर दाखवा, त्यांच्या पोरांना सुकाणू धरू द्या, त्यांना उलट्या व्हायला लागल्या की बालदी धरा. आणि मेलेलं माणूस तरंगत वर आलं की पाहुणेही नाहीत आणि साहेबही नाहीत, तेव्हा परत मीच. खात्यात मी मासे मारणाऱ्याचा पोर आणि आपल्या वस्तीत मी पोलिस. लाँच जवळून गेली की माझ्याबरोबर शाळेत बसलेली माणसं पाण्यात थुंकतात, मला दिसत नाही असं वाटतं त्यांना. परवा तुझी पुतणी बाजारात तुझ्या बायकोला ‘काकू’ म्हणून हाक मारत होती, तर तुझी बायको दुसरीकडे बघून चालायला लागली. पोरगी घरी येऊन रडली. तिचा काय गुन्हा होता रे?

त्या दिवशीचं धुकं आठव जरा. लाँचच्या मागे उभा राहिलो तर पुढचं टोक दिसत नव्हतं मला. आणि तू कुठे? बरोबर मोठ्या जहाजांच्या वाटेत, ऐसपैस जाळं पसरून! तिथे मासा मिळतो हे मला ठाऊक नाही होय? बाबांनाही ठाऊक होतं. बाबा तिथेच गेले ना? एवढा थोरला लोखंडी डोंगर अंगावरून गेला आणि जहाजावरच्यांना कळलंसुद्धा नाही. होडी सापडली उलटी, उजवी बाजू फुटलेली — हीच, त्याच भोकावर ते ठिगळ आहे. बाबा सापडले नाहीत. आणि त्याच होडीत बसून, त्याच वाटेत, धुक्यात, तू! याआधी कितीदा सोडलंय तुला? साहेब तिकडे बघत असले की मी हातानं खुणावायचो, निघ, निघ लवकर — आणि तू हसायचास. हसायचास आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच. समजावून झालं, शिव्या देऊन झाल्या, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून त्या दिवशी हात केला नाही. दोर टाकला आणि सरळ ओढत आणली. साहेब तर आत केबिनमध्ये चहा पीत होते, त्यांना तू दिसलाही नव्हतास. मीच आत जाऊन सांगितलं, एक होडी आहे, जप्त करावी लागेल.

काय? काय म्हणालास? बोललास की! इतके महिने तोंड शिवून बसलास आणि उघडलंस तर बाहेर काय पडलं — घरभेदी! मी घरभेदी? अरे, खबर ज्यानं दिली त्याच्याच हातचं रोज दोन वेळा गिळतोस तू, आणि वर मला —

काही नाही. उपस तू. मी काही बोललो नाही. तोंड आहे, निघून जातो एखादा शब्द. उपस ना, थांबलास कशाला? बालदी का खाली ठेवलीस? नाही रे — तुझी बायको कशाला सांगेल? तिच्याकडे माझा नंबरसुद्धा नसेल. अरे, तसा बघू नकोस, घरी जाऊन तिच्यावर हात उगारशील आणि — ती नाही! पोरांची शपथ घेऊन सांगतो, ती नाही.

आई.

हो, आई. झालं समाधान? सकाळीच फोन आला तिचा. धाकटा गेलाय, बाहेर धुकं बघितलंस का, अडव त्याला. मी म्हटलं, दर वेळी अडवतो, ऐकतो का तो कुणाचं? तर म्हणाली, मग होडीच काढून घे त्याची. कायद्यानं घे, बेड्या घाल, काय वाटेल ते कर — एक दिलाय त्या पाण्याला, दुसरा द्यायचा नाही मला. आणि वर स्वतःची शपथ घातली, त्याला कधी कळता कामा नये. मग त्याच दुपारी, याच धक्क्यावर, अख्ख्या वस्तीसमोर तीच आई छाती बडवून मला म्हणाली, ‘माझ्या पोटी आलासच कशाला? भावाच्या अन्नात माती कालवलीस!’ बायका तिला धरत होत्या. मी आपला उभा, गणवेश अंगावर, टोपी हातात. वाटलं, एकदा तरी बघेल माझ्याकडे, नुसती डोळ्यांनी खूण करेल. नाही बघितलं. आणि आवाज खोटा नव्हता रे तिचा. नाटक असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. तेच जात नाही माझ्या मनातून. अजूनही मला बघून दार लावते ती, तू घरात नसलास तरी.

मग मी गप्प का राहिलो? वा! आता बरे प्रश्न सुचतायत तुला. तू माझ्याशी बोलणं टाकलंस, त्यानं मेलो का मी? जिवाला लागलं, पण बायको आहे, पोरगी आहे, ड्यूटी आहे. तिच्याशी अबोला धरलास तर ती कुणाच्या तोंडाकडे बघेल? माझ्याकडे येईल? पोलिस लाइनीतल्या त्या खोलीत आधीसुद्धा एक दिवस टिकायची नाही ती. म्हणायची, इथून पाणी दिसत नाही. इतका राग त्या पाण्याचा, आणि ते दिसलं नाही तर घास उतरत नाही तिला.

बस झालं. लाँचचा भोंगा वाजतोय, मला जायचंय. वर ये. हात दे — बरं, नको देऊस, शिडी धर. बालदी राहू दे तिथेच, सकाळी लागते मला. आणि नीट ऐक. सरळ घरी जा. ती वाढेल ते मुकाट्यानं जेव. जेवताना तिनं मला शिव्या घातल्या तर तूही घाल, रोज घालतोस तशाच, एकही कमी करू नकोस. जा आता, असा उभा राहू नकोस. उशीर झाला तर तिला वाटेल, मी तुला काही बोललो.